बर्फाखालची भाजी

परसातली भाजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातला दोडक्याचा मांडव येतो. आज मी तुम्हांला नेणार आहे ती परसबाग अगदी निराळी. तिथे पौष-माघात जमीन दगडासारखी गोठते, आणि तरीही घरची बाई टोपली घेऊन भाजी काढायला जाते. ही हकीकत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनची.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. ब्रिटनचे निम्म्याहून अधिक अन्न तेव्हा परदेशांतून बोटींनी येत असे, आणि त्या बोटी जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर रेशन आले. त्याच वर्षी फ्रान्स पडला आणि तिकडून येणारा कांदाही बंद झाला. पुढे तर सोडतीत बक्षीस म्हणून कांदा ठेवीत! भाजीवर युद्धकाळात रेशन कधीच आले नाही. पण दुकानात ती मिळेलच, याचा भरवसा नव्हता.

मग सरकारने हाक दिली : ‘विजयासाठी खणा!’ लोकांनी अंगणातली हिरवळ उखडली. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या, टॉवरच्या, कोरड्या खंदकातसुद्धा वाफे पडले. दर रविवारी मिडलटन नावाचे गृहस्थ रेडिओवरून सांगत, आज काय पेरा, काय उपटा. घरोघर लोक कान देऊन ऐकत.

पण सुरुवातीला एक चूक झाली बरे का! नव्या हौशी माळ्यांनी उन्हाळ्यात येणारी भाजीच सारी लावली. जुलै-ऑगस्टात घेवडा नि सॅलडची पाने इतकी, की शेजाऱ्यालाही नकोशी झाली. आणि थंडी आली तेव्हा वाफे रिकामे. भूक काही ऋतू पाहून लागत नाही. तेव्हा शेतकी खात्याने ९० फूट लांब, ३० फूट रुंद जागेचा नकाशाच छापून वाटला. त्यातली मुख्य गोष्ट एकच : भाजी वर्षभर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी काही जागा हिवाळ्याकरिता आधीपासून राखली पाहिजे.

आता यातली मेख पाहा. त्या मुलखात हिवाळ्यात ऊन थोडे, दिवस लहान. भाजी तेव्हा वाढत नाही. ती नुसती टिकते. म्हणून थंडीत खायची भाजी वसंतातच पेरावी लागते. लीक ही कांद्याच्या कुळातली भाजी. मार्चात पेरायची, उन्हाळ्यात लावायची आणि नोव्हेंबरपासून लागेल तशी उपटायची. ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे दांड्यावर लगडलेले सुपारीएवढे कोबी. ते खालून वर खुडीत गेले की महिनोन्‌महिने पुरतात. केल नावाची पालेभाजी तर बर्फ झटकून तोडावी. बटाटे मात्र थंडी सोसत नाहीत. ते आधीच काढून पेंढा नि माती यांखाली ढीग करून झाकीत. आपल्या खेड-मंचरकडे अरण लावतात, त्याच जातीची ही युक्ती.

गंमत अशी, की थंडीने यांतल्या काही भाज्या गोड होतात. पार्सनिप हे पांढऱ्या गाजरासारखे कंद. गारठा पडला की त्यांतल्या पिठाची साखर होऊ लागते. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते; म्हणजे झाड स्वतःचा बचाव करते आणि आपल्या तोंडाला गोडी येते. जाणते माळी म्हणूनच पहिला कडक गारठा पडेपर्यंत थांबत. मात्र जमीन पुरती गोठली की कुदळ चालत नाही. तेव्हा थोडे कंद आधीच काढून वाळूत ठेवीत.

युद्धापूर्वी ब्रिटनमध्ये भाजीसाठी खंडाने दिलेले वाफे सुमारे आठ लाख होते. युद्धकाळात ते चौदा लाखांच्या घरात गेले. पण माझ्या मते खरा धडा या आकड्यात नाही. रिकाम्या वाफ्याने शिकवले ते असे : बागेची परीक्षा भरल्या दिवसांत होत नाही, ती अडचणीच्या दिवसांत होते.

आपल्याकडे अडचणीचे दिवस थंडीचे नव्हेत, वैशाख-ज्येष्ठाचे. तेव्हा गुरुजी, शाळेच्या फळ्यावर बारा महिन्यांची बारा घरे आखा. कोणत्या महिन्यात परसात काय मिळते, ते मुलांनाच भरू द्या. जे घर रिकामे राहील, त्याच्यासाठी काय लावायचे आणि कधी, एवढे मुलांनी घरी जाऊन आजीला विचारावे.