घरच्या अंगणात गाडी जॅकवर उचलताय? आधी जमीन, उतार आणि स्टँड बघा

जव्हार-मोखाड्याकडे गाडी घेतली की तिचं थोडंफार काम स्वतःला येणं भागच असतं. गॅरेज आहेत ती जव्हार, मोखाडा, खोडाळा अशा मोठ्या गावांत, आणि पाड्यावरून तिथवर जायचं म्हणजे चढउताराचा, वळणांचा रस्ता. त्यामुळे टायर बदलणं, ब्रेक पॅड बघणं, पावसाळ्यानंतर गाडीखालचा चिखल काढणं ही कामं बरेच जण दारातच करतात. कामं अवघड नाहीत. जीवावर बेततं ते गाडी उचलून तिच्याखाली जाणं. म्हणून या लेखात फक्त तेवढंच बघूया.

सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगतो: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली धरून ठेवण्यासाठी नाही. धरण्याचं काम जॅक स्टँडचं.

जॅकवर भरवसा का ठेवायचा नाही?

घरी साधारण तीन प्रकारचे जॅक दिसतात.

- सिझर जॅक: गाडीसोबत मिळणारा, कात्रीसारखा उघडणारा. आट्यांमुळे तो आपोआप खाली येत नाही, पण बूड अरुंद असतं. गाडी जराशी पुढेमागे सरकली की तो आडवा होतो. तो फक्त रस्त्यात स्टेपनी लावण्यापुरता आहे.
- बॉटल जॅक: जीप, पिकअपवाल्यांकडे हमखास असतो. बंद तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, या पास्कलच्या नियमावर चालतो. छोट्या पिस्टनवर हाताने दाब दिला की मोठा पिस्टन गाडी उचलतो. पण तेल अडवून धरतं ते एक रबरी सील. ते झिजलं की गाडी हळूहळू बसते, फाटलं की एकदम.
- ट्रॉली जॅक: चाकांचा, रुंद बुडाचा. तिघांत सगळ्यात स्थिर, पण आत तेच तेल आणि तेच सील.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात: एकच गोष्ट बिघडली की सगळं कोसळतं. सर्व्हर बंद पडला तर परत चालू करता येतो. इथे मात्र खाली माणूस असतो.

जमीन: सारवलेलं अंगण फसवतं

शेणाने सारवलेलं अंगण किंवा चोपलेलं खळं वरून कडक दिसतं, पण पावसाळ्यात आतली माती ओली असते. साधं गणित करू. वॅगनआरसारख्या गाडीचं रिकामं वजन साधारण ८५० किलो. इंजिन पुढे असल्याने पुढच्या एका चाकावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो. समजा जॅकवर ३०० किलो आले आणि जॅकचं बूड ८ × १५ सेंटीमीटर, म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर आहे. मग मातीवर दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो दाब पडतो.

आता जॅकखाली ३० × ३० सेंटीमीटरची जाड फळी ठेवा. क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर झालं आणि दाब उतरला ०.३३ किलोवर, म्हणजे जवळपास आठपट कमी. सागाची किंवा ऐनाची, निदान दोन इंच जाडीची, चीर न गेलेली फळी चालेल. बोलेरो दीड टनाच्या पुढे जाते, तिला फळी आणखी मोठी घ्या. स्टँडच्या पायांखालीही फळी हवीच.

पाऊस चालू असेल किंवा जमीन पायाखाली दबत असेल, तर ते काम त्या दिवशी करू नका.

उतार: हँडब्रेक पुरेसा का नाही?

डोंगराळ भागात अगदी सपाट अंगण क्वचितच मिळतं. २० फुटांना १ फूट एवढा उतार डोळ्याला जाणवतही नाही. पण ८५० किलोच्या गाडीला तो सुमारे ४२ किलोच्या जोराने खाली ओढत असतो.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या.

- बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर लागतो. मागची दोन्ही चाकं उचललीत तर हँडब्रेक असून नसल्यासारखा.
- गाडी गिअरमध्ये असली तरी इंजिनने फिरणाऱ्या चाकांपैकी एक हवेत गेलं की गिअरची पकड सुटते. डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. मारुतीच्या छोट्या गाड्यांत हे पुढच्या चाकांचं होतं, साध्या बोलेरोत मागच्या.

म्हणून चाकाला पाचर लावायचीच. लाकडी त्रिकोणी ठोकळा उत्तम. गोल दगड नको, तो घसरतो.

गाडी कुठून उचलायची?

कारमध्ये दरवाज्याखाली पत्र्याची उभी कड असते. चाकाजवळ त्या कडेवर दोन खाचा दिसतील. त्या दोन खाचांच्या मधली जागा जॅकसाठी मजबूत केलेली असते. बोलेरोसारख्या चेसिसच्या गाडीत चेसिस किंवा ॲक्सलवरची ठरलेली जागा असते. नेमकी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेली असते. इंजिनचा ऑइल चेंबर, सायलेन्सर किंवा साधा पत्रा यांना जॅक लावू नका.

क्रमाने काय करायचं?

१. सगळ्यांना खाली उतरवा, जड सामान काढा, मुलांना लांब ठेवा. जवळ एक मोठं माणूस असू द्या.
२. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा.
३. जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून पाचर लावा. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं उचलायची असतील, तर जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना लावा.
४. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.
५. फळीवर जॅक सरळ उभा करा. थोडं उचला, थांबा, जॅक कलतोय का बघा. कलत असेल तर खाली घेऊन पुन्हा लावा.
६. मजबूत जागेखाली स्टँड सरकवा. त्याची खिट्टी किंवा दात पूर्ण अडकलेत याची खात्री करा. मग जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर घ्या.
७. बाहेर उभं राहून गाडी हाताने हलवून बघा. पडायची असेल तर ती आत्ताच पडू दे.
८. काढलेलं चाक दरवाज्याच्या कडेखाली आडवं सरकवा. स्टँड सटकला तरी थोडी जागा उरते.
९. उतरवताना उलटा क्रम. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्या. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

स्टँड नसेल तर?

तर गाडीखाली जायचं नाही. वीट, चिरा किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक यांची उतरंड रचून गाडी टेकवू नका. या वस्तू आधी वाकून इशारा देत नाहीत, एका क्षणात फुटतात.

स्टँड घेताना लिहिलेली क्षमता एकाची आहे की जोडीची ते वाचा. विकत घेतलेला स्टँडही दरवेळी तपासायचा असतो. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या कंपनीला पिट्सबर्ग ब्रँडचे ३ आणि ६ टनी स्टँड परत मागवावे लागले होते, कारण त्यांचे दात नीट न अडकता सुटू शकत होते. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला.

आणि न उचलता काम होत असेल तर उचलूच नका. बोलेरोसारख्या उंच गाडीचं ऑइल बऱ्याचदा चाकं जमिनीवर ठेवूनच काढता येतं.

कोणी दबलंच तर

माणसाला ओढू नका. आधी पाचर लावा, दुसऱ्या जॅकने गाडी उचला, खाली ठोकळे सरकवत जा आणि मगच बाहेर काढा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा आणि किती वेळ दबला होता ते सांगायचं. बऱ्याच पाड्यांवर रेंज ठरावीक जागीच मिळते, ती जागा आधीच माहीत हवी. जव्हारला कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला अनेकदा पुढे नाशिकला न्यावं लागतं. घाटातला तो वेळ परत मिळत नाही.

स्टँडची जोडी रोज लागत नाही. पाड्यावर चार-पाच गाड्या असतील तर वर्गणी काढून एक चांगली जोडी, दोन जाड फळ्या आणि चार पाचरी एकाच्या घरी ठेवा. ज्याला लागेल त्याने न्यायच्या, काम झालं की परत आणून द्यायच्या.