बंदूकवाल्यांचं रीळ

विषय मासेमारीचा, पण सुरुवात बंदुकीपासून. इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅनिक गावात विल्यम हार्डी यांनी १८७२ साली बंदुकांचं दुकान काढलं. भाऊ जॉन जेम्स जोडीला आला आणि गळाच्या काठ्या, रिळं हाच मुख्य धंदा झाला.

नॉटिंगहॅमची रिळं लाकडी. ओल लागली की लाकूड फुगायचं. हार्डींचं १८९१ चं 'परफेक्ट' रीळ धातूचं, आत बॉल बेअरिंग. मासा दोर ओढत सुटतो तेव्हा रीळ क्षणभर अडखळलं तरी दोर तुटतो. हत्यार खोलून साफ केलेल्याला हे सांगावं लागत नाही!

साहेबांबरोबर ही रिळं आपल्याकडे महसीरच्या नद्यांवरही आली. पुढे हार्डींची बरीचशी रिळं कोरियात बनू लागली. माझ्याकडचं जुनं अ‍ॅनिकचं आहे. दरवर्षी तेलपाणी करतो. नातवाला अजून हात लावू दिलेला नाही.