कणशोधकांच्या कॅलिब्रेशन-नोंदी

कणभौतिकीतला डिटेक्टर ऊर्जा, वेळ किंवा जागा थेट सांगत नाही. तो विजेचे स्पंद देतो आणि संगणक त्यांचे आकडे करतो. या कच्च्या आकड्यांवरून भौतिक राशी काढण्यासाठी लागणारे गुणक, वेळेच्या दुरुस्त्या, बिघडलेल्या वाहिन्यांच्या याद्या आणि डिटेक्टरच्या भागांच्या नेमक्या जागा यांना मिळून कॅलिब्रेशन-नोंदी म्हणतात. टकरींच्या नोंदींपुढे त्यांचा आकार नगण्य असतो आणि म्हणूनच त्यांना पूरक साहित्य समजण्याची सवय पडते. ही समजूत चुकीची आहे. कॅलिब्रेशनची नोंद हा मोजमापाचाच भाग असतो. त्यामुळे ती कोणत्या काळापुरती लागू आहे आणि तिची आवृत्ती कोणती हे लिहून ठेवावे लागते, आणि जुनी नोंद कधीही न खोडता जपावी लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगाचा विद्युतचुंबकीय कॅलरीमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची ऊर्जा मोजणारा भाग, पाहिला की हे पटते. त्यात लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत. मधल्या नळकांड्यातला प्रत्येक स्फटिक सुमारे २३ सेंटिमीटर लांब, काचेसारखा पारदर्शक, पण लोखंडाहून घन आहे. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन आत शिरला की स्फटिक निळसर चमकतो, मागच्या टोकाला बसवलेला संवेदक तो प्रकाश टिपतो आणि प्रकाश किती पडला यावरून ऊर्जा ठरते. अडचण अशी की टकरींच्या किरणोत्साराने स्फटिकाची पारदर्शकता घटत जाते आणि टकरी थांबल्या की ती काही अंशी परत येते. म्हणजे एकाच ऊर्जेचा फोटॉन सकाळी एक आकडा देतो, रात्री दुसरा. यावर उपाय म्हणून प्रोटॉनांच्या झुबक्यांच्या रांगेत मुळातच रिकामी ठेवलेली सुमारे ३ मायक्रोसेकंदांची फट साधून स्फटिकांत निळ्या लेझरचा प्रकाश सोडतात. साधारण दर ४० मिनिटांनी सगळ्या स्फटिकांची एक फेरी पुरी होते. मात्र लेझरचा प्रकाश जितका घटला तितकाच कणाचा प्रकाशही घटला, असे धरता येत नाही, कारण दोन्ही प्रकाश स्फटिकातून वेगवेगळ्या वाटांनी जातात. दोन्ही घटींचे नाते एका घातांकाने मांडले जाते. रशियात बनलेल्या स्फटिकांसाठी तो सुमारे १.५ आहे, चीनमध्ये बनलेल्यांसाठी सुमारे १. स्फटिक कोणत्या कारखान्यातून आला हेही अशा रीतीने ऊर्जेच्या हिशेबात येते.

उपकरणच स्थिर का बनवू नये, असा आक्षेप कोणी घेईल. तसा प्रयत्न होतोच. एक अंशाने तापमान वाढले की स्फटिकाचा प्रकाश सुमारे २ टक्क्यांनी कमी होतो, म्हणून हा कॅलरीमीटर १८ अंश सेल्सिअसवर, अंशाच्या काही शतांशांइतक्या काटेकोरपणे राखला जातो. पण थंड पाणी फिरवून किरणोत्साराचा परिणाम टळत नाही, आणि उरणारी चूक सोडून देण्याइतकी लहान नसते. हिग्ज बोसॉनची स्वतःची रुंदी सिद्धांतानुसार सुमारे ४ एमईव्ही (०.००४ जीईव्ही) आहे. त्याच्या विघटनातून निघणाऱ्या दोन फोटॉनांवरून काढलेल्या वस्तुमानाच्या आलेखात मात्र त्याचे शिखर एक ते दोन जीईव्ही रुंद दिसते, म्हणजे जवळजवळ सगळी रुंदी उपकरणाची. हिग्जच्या सुमारे १२५ जीईव्ही वस्तुमानावर एक टक्क्याची चूक सव्वा जीईव्हीची होते, आणि तेवढ्याने हे शिखर पार्श्वभूमीत बुडू लागते. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या शोधात फोटॉनांच्या वाटेने जो पुरावा आला, त्यातून लेझरच्या या नोंदी वगळल्या तर तो बराच कमकुवत होतो.

नोंदी ठेवण्याची पद्धत यातूनच ठरते. प्रत्येक नोंदीला वैधतेची मुदत असते, म्हणजे कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत हा गुणक लागू, हे तिच्याबरोबर लिहिलेले असते. एकाच प्रकारच्या नोंदींची मालिका म्हणजे टॅग, आणि डिटेक्टरच्या सर्व भागांचे टॅग एकत्र बांधले की ग्लोबल टॅग. हे नाव सांगितले की कोणत्याही देशातला संशोधक नेमके तेच आकडे वापरतो. वैधतेची मुदत का हवी, हे एका बदलातून दिसते. सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरचे प्रकाश देणारे प्लास्टिकचे थर उभारण्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. २०१३-१४च्या विरामात या भागातले जुने प्रकाशसंवेदक काढून सिलिकॉनचे बसवले गेले. थर तेच राहिले, पण त्यानंतर जुना एकही गुणक नव्या टकरींना चालणार नव्हता, आणि आधीच्या टकरींसाठी तर तोच हवा होता. ‘ताजा आकडा तेवढा ठेवा’ असे म्हणणाऱ्यांना या बदलाहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही. न खोडण्याचा नियम व्यवहारातही सोयीचा ठरतो. सीएमएसमध्ये नोंदीची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक आकड्याने होते, त्यामुळे एक बाइट बदलला तरी ती वेगळी नोंद ठरते. एकदा लिहिलेली नोंद बदलतच नसल्याने जगभरच्या संगणक-केंद्रांना तिच्या प्रती निर्धास्तपणे जवळ ठेवता येतात. हजारो संगणक एकाच वेळी तीच नोंद मागतात, तेव्हा सर्नच्या मूळ डेटाबेसवरचा भार त्यामुळेच आवाक्यात राहतो.

याहून गंभीर आक्षेप वर्तुळाकार तर्काचा आहे. ऊर्जेची मोजपट्टी इलेक्ट्रॉनांत विघटित होणाऱ्या झेड बोसॉनच्या ज्ञात वस्तुमानावरून लावली, तर उपकरण आपण घातलेलेच उत्तर परत देणार नाही का? झेडच्या बाबतीत तसेच होईल, आणि म्हणून या मोजपट्टीवर झेडचे वस्तुमान कोणी नव्याने मोजत नाही. ती हिग्जला लावताना इलेक्ट्रॉनवरून फोटॉनवर आणि कमी ऊर्जेवरून जास्त ऊर्जेवर जावे लागते, आणि या दोन्ही टप्प्यांवरची अनिश्चितता उत्तरात मोकळेपणाने धरली जाते. सीएमएसने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या १२५.३८ ± ०.१४ जीईव्ही या हिग्जच्या वस्तुमानातल्या ‘±’ मध्ये तिचाही वाटा आहे. मोजपट्टीचे मूळही पारखलेले आहे. झेडचे ९१.१८७६ जीईव्ही हे वस्तुमान एलईपी या २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकावर ठरले. त्यासाठी चंद्राच्या ओढीने त्या परिघात पडणारा सुमारे एक मिलिमीटरचा फरक आणि जवळच्या लोहमार्गावरून धावणाऱ्या टीजीव्ही गाड्यांची जमिनीत झिरपणारी वीज, दोन्ही हिशेबात घ्यावी लागली. साखळीची प्रत्येक कडी नोंदलेली असल्यामुळेच ती तपासता येते.

दुरुस्त केलेल्या ऊर्जा ठेवून गुणक टाकून द्यावेत, ही सूचनाही होते. तिला हँबुर्गच्या जेड प्रयोगाचा अनुभव उत्तर देतो. त्याची टकरींची माहिती १९७९ ते १९८६ या काळातली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रबळ बलाचा सिद्धांत तपासण्यासाठी ती पुन्हा हवी झाली, कारण त्या ऊर्जेच्या टकरी घडवणारा त्वरक आता उरला नव्हता. टकरींच्या संख्येवरून एखादी प्रक्रिया घडण्याची संभाव्यता काढायला लागणारे प्रकाशमानतेचे, म्हणजे टकरींना एकूण किती संधी होती याचे, आकडे मात्र संगणकावर मिळेनात. अखेर ते छापील कागदांवर सापडले आणि हाताने पुन्हा टाइप करून घ्यावे लागले.

एका ठिकाणी मात्र पुन्हा हिशेब करण्याची संधी नसते. सीएमएसमधल्या टकरी घडवणाऱ्या एलएचसी या त्वरकात सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा झुबके एकमेकांतून जातात आणि ट्रिगर, म्हणजे कोणता प्रसंग ठेवायचा हे जागीच ठरवणारी यंत्रणा, त्यांतले काही हजारच प्रसंग ठेवतो. बाकीचे कायमचे जातात. साठवलेल्या प्रसंगांची पहिली सविस्तर मांडणी सीएमएस सुमारे ४८ तास थांबून, ताजे गुणक हाती आल्यावर करतो. ट्रिगरला थांबता येत नाही, तो त्या क्षणी उपलब्ध असलेल्या गुणकांवर निर्णय घेतो. ते पुढे चुकीचे ठरले तरी वेगळ्या टॅगखाली जसेच्या तसे जपावे लागतात, कारण ट्रिगरने कोणत्या प्रसंगांपैकी किती गमावले हे काढायचे तर त्याने वापरलेलेच आकडे हवेत, सुधारलेले नव्हेत.