पहाडी मेंढा आणि बंदुकीची गोळी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. ज्यानें उभ्या आयुष्यांत खडूपलीकडे दुसरें शस्त्र हातीं धरिलें नाहीं, अशा एका निवृत्त शिक्षकानें पहाडी मेंढ्याच्या शिकारीस कोणतें काडतूस योग्य, याची चर्चा कां करावी? याचें कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न हें होय. वर्गांत १८९९ च्या हेग परिषदेचा धडा चालला होता. शरीरांत शिरून फुलणाऱ्या गोळ्या क्रूर म्हणून युद्धांत निषिद्ध ठरल्या, असें मीं सांगितलें. तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा पूर्वीं शिकार करीत. ते म्हणतात, जनावरावर फुलणारीच गोळी झाडावी. दुसरी झाडणें हें पाप. मग खरें काय?" त्या वेळीं मजपाशीं उत्तर नव्हतें. पुढें सवडीनें जें वाचलें, त्याचा हा सारांश आहे.

पहाडी मेंढा म्हणजे आपल्या धनगराच्या कळपांतील गरीब प्राणी नव्हे. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें पामीरच्या पठारावरील मेंढ्यांच्या प्रचंड शिंगांचें वर्णन लिहून ठेविलें. आणि १८४१ मध्यें एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानें त्या मेंढ्यास त्याच प्रवाशाचें नांव दिलें. लडाख व तिबेट येथील 'न्यान' हा त्याचाच भाऊबंद. चौदा-पंधरा हजार फूट उंचीवर, झाडझुडूप नसलेल्या उघड्या उतारांवर तो राहतो. त्याची दृष्टि अति तीक्ष्ण; आणि आडोसा नसल्यामुळें शिकाऱ्यास दोन-अडीचशें वारांहून जवळ जाणें बहुधा कठीण पडे. शिवाय नुसता जखमी झालेला मेंढा कडा ओलांडून जातो, आणि माणसाचा पाय पोंचणार नाहीं अशा घळींत तडफडून मरतो. म्हणून येथें गोळीच्या अंगीं दोन गुण हवेत: दूरवर शक्य तितकें सरळ जाणें, आणि लागतांच प्राण घेणें. या दोन गुणांचा मेळ घालणें मात्र सोपें नव्हतें.

पहिल्या गुणाचें गणित शाळेंतलेंच आहे. गोळी कितीही वेगवान असो, नळींतून सुटल्या क्षणापासून ती खालीं पडूं लागते: पाव सेकंदांत सुमारें एक फूट, अर्ध्या सेकंदांत चार फूट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'एक्सप्रेस' नांवाच्या रायफली शिकाऱ्यांच्या आवडीच्या होत्या. त्यांत काळी दारू भरपूर आणि शिशाची गोळी हलकी, बहुधा टोंकाशीं पोकळ, अशी योजना असे. ती गोळी लागतांच फुले व जनावर जागींच कोसळे. परंतु अडीचशें वार जाण्यास तिला सुमारें अर्धा सेकंद लागे. म्हणजे चार फुटांचा उतार! अंतराचा अंदाज थोडा चुकला कीं नेम फुकट गेलाच. आणि डोंगराच्या स्वच्छ, विरळ हवेंत दूरची वस्तु जवळ भासते, हें कोणीही प्रवासी सांगेल.

१८८६ मध्यें फ्रान्सनें बिनधुराच्या दारूची रायफल सैन्यास दिली. इंग्लंडनेंही कॉर्डाइट नांवाची तशीच दारू काढून ती 'थ्री नॉट थ्री' रायफलींत वापरली. गोळीचा वेग सेकंदास सुमारें दोन हजार फुटांवर गेला. परंतु त्या वेगांत उघडें शिसें नळीच्या खाचांत सोलून निघे, म्हणून गोळीस कठीण धातूचें कवच चढवावें लागलें. पहिला गुण साधला, पण दुसरा हरपला. कवचाची गोळी न फुलतां आरपार जाई व मागें बारीक छिद्र तेवढें राही. १८९५ च्या चित्रळ मोहिमेंत, शत्रु गोळी लागूनही थांबत नाहीं, अशी सैनिकांनीं तक्रार केली. जसा पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, तसाच कलकत्त्याजवळ डमडम येथें होता. तेथें कॅप्टन बर्टी-क्ले यानें कवचाचें टोंक उघडें ठेवून आंतलें शिसें किंचित् बाहेर दिसूं दिलें. ही गोळी शरीरांत शिरतांच फुले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत ती वापरली गेली, आणि हेग येथें १८९९ मध्यें असल्या गोळ्यांवर बंदी आली. इंग्लंडनें प्रथम विरोध केला. १९०७ मध्यें संमति दिली.

शिकाऱ्यांनीं मात्र उघड्या टोंकाची गोळीच जवळ केली. येथेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आहे. युद्धांत शत्रूस लढण्यास असमर्थ करणें एवढाच न्याय्य हेतु असतो. जखमी सैनिकास डोली आहे, वैद्य आहे, घरीं परतण्याची आशा आहे. त्याची जखम विनाकारण वाढविणें ही क्रूरता होय. मेंढ्यास यांतलें कांहींच नाहीं. त्याच्या अंगांतील बारीक छिद्र म्हणजे दिवसेंदिवस चालणारें मरण. दयेचा नियम दोन्हीं ठिकाणीं एकच. गोळी मात्र वेगळी.

पुढें जर्मन सैन्यानें १९०३ मध्यें हलकी, टोंकदार गोळी घेतली, कारण ती हवा सहज कापते. १९२५ मध्यें अमेरिकेंत '.२७० विंचेस्टर' हें काडतूस निघालें. त्याची १३० ग्रेनची गोळी सेकंदास तीन हजार फुटांहून अधिक वेगानें सुटे. अडीचशें वारांवरचा चार फुटांचा उतार आतां सुमारें एक फुटावर आला. पण वेग वाढतांच नवी अडचण आली: कवच पातळ असल्यास गोळी खांद्याच्या हाडावरच फुटे व काळजापर्यंत पोंचत नसे. म्हणून कवच किती जाड ठेवावें, याचा विचार कारागिरांस करावा लागला. निवड काडतुसाची होती, तशीच गोळीच्या घडणीचीही होती.

काडतुसाच्या आकड्यांनींच सर्व कांहीं ठरत नाहीं, याची साक्ष चार्ल्स शेल्डन या अमेरिकन शिकाऱ्याची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अलास्का व युकॉनच्या डोंगरांत बारीक नळीची मॅनलिखर रायफल घेऊन हिंडला. तिची गोळी लांबट, जड व मंद होती. त्याचा भर जवळ जाण्यावर व मेंढ्यांच्या संवयी जाणण्यावर होता. परंतु खाणींच्या वसाहतींस मांस पुरविण्यासाठीं तेथें मेंढे सर्रास मारले जात, हें त्यानें पाहिलें, आणि तो डोंगर राखून ठेवावा म्हणून वर्षानुवर्षें खटपट केली. १९१७ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें तेथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें. तेंच आजचें देनाली.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें न्यान पहिल्या अनुसूचींत गेला, आणि त्याच्यासाठीं गोळी निवडण्याचा प्रश्नच उरला नाहीं. तें योग्यच झालें. गोळी जसजशी सरळ व दूर जाऊं लागली, तसतसा मेंढ्याचा उंच डोंगर त्याला राखण्यास अपुरा पडूं लागला. तेथें माणसाचा संयमच उभा राहिला पाहिजे. तो विद्यार्थी आतां प्रौढ गृहस्थ असेल, आणि कदाचित् हें भाषण ऐकतही असेल. त्यास इतकेंच सांगतों: बाळ, तुझे आजोबा खरें बोलत होते, आणि धड्यांतलें वाक्यही खोटें नव्हतें. उत्तरास उशीर झाला, याबद्दल गुरुजींस क्षमा कर.