डाग कोणता, अनुस्वार कोणता?

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे रिकामे होतात, जळमटे निघतात आणि त्या गडबडीत जुन्या मासिकांचा एखादा गठ्ठा हाती लागतो. आमच्या जळगाव-धुळ्याकडची मंडळी त्यांतली चित्रे माझ्याकडे आणतात. ती स्कॅन करून फोटोशॉपने स्वच्छ करून देणे हा माझा फावल्या वेळचा उद्योग. "छापील चित्रात जपण्यासारखे ते काय?" असे कुणी विचारले, म्हणजे मी त्याला आमच्या शेजारच्या अजिंठ्याची हकीकत सांगतो.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. तरी 1896-97 साली ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा चित्रग्रंथ छापून निघाला, म्हणून ते श्रम जगापुढे राहिले. मूळ जळते, झिजते. छापलेले कुठेतरी उरते.

पण छापील छायाचित्राची जातच निराळी. भिंगाखाली धरून पाहा. छटा अशी नसतेच, असतात ते लहानमोठे ठिपके. हाच हाफटोन. म्युनिकच्या मायझेनबाख यांनी 1882 साली त्याचे पेटंट घेतले आणि कलकत्त्यास उपेंद्रकिशोर राय यांनी त्या तंत्रात मोलाची भर घातली. या ठिपक्यांच्या जाळीवर स्कॅनरची जाळी बसली की चित्रावर मोरपिशी लाटा उठतात. म्हणून इंचाला निदान सहाशे ठिपके धरून चित्र घ्यावे, किंचित धूसर करावे आणि मग लहान करावे. मागच्या पानाची अक्षरे उमटत असतील तर पानामागे काळा कागद ठेवावा. कागदाचा पिवळेपणा निळ्या रंगपटात सर्वांत अधिक दिसतो, तांबड्यात सर्वांत कमी. काळ्यापांढऱ्या चित्राला तांबडाच घ्यावा.

इथवर सारे सोपे. खरी गंमत पुढेच आहे. बारीक डाग एका फटक्यात पुसणारी सोय संगणकात असते. तिला डाग आणि अनुस्वार यांतला फरक काय कळणार! 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी चित्राखाली 'मुलें', 'नांवें' असेच छापत. ते ठिपके पुसले की 'मुलें'ची 'मुले' होतात आणि 1935 चे पान 1965 चे भासू लागते. तारीख फाटलेल्या पानाचा काळ ठरवण्याचा एक पुरावा साफसफाईत केरात जातो. म्हणून चित्राखालच्या ओळीतले डाग मी एकेक करून, हाताने पुसतो.

माणसांच्या चेहऱ्यांचे तर विचारूच नका. धुळ्याच्या एका आजींच्या वडिलांचे चित्र, तांदळाएवढा चेहरा. त्यांच्या नातवाने कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने तो मोठा करून घेतला. डोळे पाणीदार, मिशी रेखीव! आजींनी चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "हाऊ मना बाप नही." यंत्राने उणे ते कल्पनेने भरले होते. मी मूळ ठिपक्यांवरून तयार केलेला धूसर चेहरा पुढे ठेवला, तेव्हा त्या कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवीत राहिल्या.

ज्या धुळ्यात 1926 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी देह ठेवला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, तिथे अस्सल कागदाचे मोल नव्याने सांगावयास नको. छापील चित्रही तसाच कागद आहे. तेव्हा वाचकहो, यंदा माळ्यावरचे चित्र स्वच्छ जरूर करा. मात्र आधी आहे तसे, डागांसकट, उतरवून निराळे ठेवा आणि त्यावर अंकाचे नाव व साल लिहा. पुसलेले पुन्हा पुसता येते. गेलेला अनुस्वार परत आणायला मूळ पान लागते.