विकणे आहे

माझा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो. तसा प्रत्येक मराठी माणसाचा एक पुतण्या न्यू जर्सीत असतोच. पण आमच्या पुतण्याला तिथल्या नगरपालिकेची नोटीस आली आहे, त्यामुळे तो चारचौघांत जरा उठून दिसतो. परवा रात्री त्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला.

"काका, मी गॅरेज सेल केला."

मला वाटलं, बिचाऱ्यानं गॅरेज विकलं. परदेशात माणसावर काय वेळ येईल सांगता येत नाही. मी धीर देऊ लागलो, तेव्हा त्यानं खुलासा केला. गॅरेज विकायचं नसतं. मोटार ठेवायच्या जागेत घरातली अडगळ मांडायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ती दोन-चार डॉलरला उचलून न्यायची, याला गॅरेज सेल म्हणतात. अमेरिकेत म्हणे मोटार रस्त्यावर असते आणि गॅरेजात सामान असतं. वर्षाकाठी एकदा ते बाहेर काढावं लागतं.

आता याला नोटीस कशासाठी? तर विकल्याबद्दल नव्हे. विक्रीचा परवाना त्यानं रीतसर काढला होता. चूक झाली ती पाटीची. 'रविवारी सेल, उजवीकडे वळा' अशी पुठ्ठ्याची पाटी त्यानं नाक्यावरच्या विजेच्या खांबाला बांधली आणि सोमवारी काढायची विसरला. तिकडच्या पुष्कळ गावांत याचे बारीक नियम असतात. वर्षातून दोन किंवा तीनच वेळा विक्री करायची, कारण दर शनिवारी जो जुनं सामान विकतो तो गृहस्थ उरत नाही, दुकानदार होतो. पाटी स्वतःच्या अंगणात लावायची, खांबाला नाही, झाडाला नाही. आणि विक्री संपली की मुदतीत उतरवायची.

"काय हा जाच!" पुतण्या म्हणाला. "आपल्याकडे असलं काही नाही."

मी गप्प राहिलो. कारण आपल्याकडे असलं काय काय आहे, हे मी १९८३ साली अहेरीत एका सागवानी पलंगापायी शिकलो आहे. फोनवर एवढं सांगायचं म्हणजे त्याचं बिल त्या नोटिशीच्या वर गेलं असतं, अशी माझी समजूत. (हल्ली बिल येत नाही म्हणतात. माझा विश्वास नाही.)

मुळात घरातलं सामान दारात मांडून विकणं हे आपल्या रक्तात नाही. दारात भांडी मांडली की गल्लीत कुजबुज सुरू होते, 'काय हो, बरं आहे ना सगळं?' म्हणून आपण बोहारीण निर्माण केली. ती आपण होऊन दारात येते, तीन साड्या, दोन विजारी आणि एक जुना कोट घेऊन एक स्टीलचं पातेलं देते आणि वर पातेलं महागात पडलं असा चेहरा करते. यात विक्री झाल्याचा डागही लागत नाही. पुण्यात जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. पण तिथं आपण घ्यायला जातो, आणि घेतलेली वस्तू 'वडिलोपार्जित' म्हणून दाखवतो.

सरकारला मात्र जुन्या वस्तूंच्या विक्रीचा संशय फार पुरातन आहे. १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी कौटिल्याचं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलं, आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगल्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यात चौथ्या अधिकरणात बाजारावर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष नावाचा अधिकारी भेटतो. त्याचं पहिलं काम काय, तर जुनं सामान विकायला किंवा गहाण टाकायला जो येईल त्याला विचारायचं, हे तुझंच कशावरून? मालकी सिद्ध झाली तरच परवानगी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमचा पुतण्या पाटलीपुत्रात असता तरी सुटला नसता.

पाटीचाही विचार तिथं झालेला आहे. जकातघराशी ध्वज उभारलेला असे. व्यापाऱ्यानं त्या ध्वजाखाली माल आणायचा, माप आणि किंमत सांगायची आणि घेणारा कोण, म्हणून तीनदा पुकारायचं. गिऱ्हाइकांत चढाओढ लागून किंमत वाढली, तर वाढलेला पैसा राजाच्या खजिन्यात! हे कलम आमच्या पंचायतीच्या वाचनात आलं नाही, हे नशीब.

आता अहेरी. चांदा जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांत अहेरीची सगळ्यांत मोठी, आत्राम या गोंड राजघराण्याची. प्राणहितेच्या काठचं हे गाव. नदीपलीकडे तेलुगू मुलूख. त्यामुळे बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा सगळ्या भाषांत घासाघीस चाले आणि शिवी मात्र सर्वांना समजेल अशी असे. जमीनदारीच्या काळी गाव, जंगल, नदीचा उतार आणि हाटबाजारही जमीनदाराचा. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. १९५० साली तिथल्या विधिमंडळानं मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून जमीनदाऱ्या गेल्या. जमीनदाराकडून सरकारकडे काय काय गेलं याची त्या कायद्यात यादी आहे. ती मला फार आवडते. जमीन, पडीत, गवत, झाडं, मासे, विहिरी, तळी, नावा लागायचे उतार, पायवाटा, गावठाण, आणि शेवटी हाट, बाजार, मेळे. पाण्यातल्या माशाला कळलंही नसेल की आपण रात्रीतून सरकारी झालो.

पुढे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला. त्याचं १२४ वं कलम म्हणजे करांची पंगत आहे. घरपट्टी आहे, सायकलींवर कर आहे, बैलगाड्यांवर आहे, यात्रेकरूंवर आहे, जत्रा-करमणुकीवर आहे, आणि आठवडी बाजाराची फी आहे. बदली झालेल्या मास्तरानं पलंग विकल्यास काय, हे मात्र कुठं नाही.

तो मास्तर मी. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि पुढल्याच वर्षी माझी वर्ध्याला बदली झाली. गडचिरोलीतून बदली म्हणजे लग्न जमल्यासारखं. लोक पेढे मागतात. पाच वर्षांपूर्वी तिथल्याच एका सुतारानं आम्हांला सागवानी पलंग करून दिला होता. आलापल्लीच्या जंगलातला साग तो. चार माणसांनी उचलावा असं वजन. सौभाग्यवतींचा जीव त्या पलंगावर. ट्रकमध्ये पहिला पलंग चढेल, मग मी, असा त्यांचा क्रम होता.

शेजारी एक नाकेदार राहायचे. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. ते संध्याकाळी चहाला आले, पलंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, याची टीपी काढली का?"

"पलंगाची?"

"पलंग तुमच्यासाठी. कायद्यात हे इमारती लाकूड आहे."

मला गंमत वाटली, पण ते खरं बोलत होते. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आहे. त्यात इमारती लाकडाची व्याख्या अशी की पडलेली किंवा पाडलेली झाडं, आणि कापलेलं, घडवलेलं, कोरून पोकळ केलेलं सगळं लाकूड. म्हणजे पलंग आला, पाळणा आला, उखळ आलं आणि भजनी मंडळाचा मृदंगही सुटला नाही. शिवाय त्याच कायद्यात ताड, बांबू, वेत, एवढंच काय, झाडाचा बुंधाही 'झाड' या शब्दात बसवलेला. बांबूला त्या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडावं लागलं. तोवर वनस्पतिशास्त्र वर्गात त्याला गवत म्हणे आणि नाक्यावर तो झाड असे.

लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना हवा. परवान्याला, लाकूड रीतसर घेतल्याची पावती हवी. सुतारानं मला पावती दिली नव्हती. मी मागितलीही नव्हती. पाच वर्षं ज्यावर निर्धास्त झोपलो, तो पलंग माझा असल्याचा कागद माझ्याकडे नव्हता. त्या रात्री मी खाली चटईवर झोपलो.

शेवटी तो तिथंच विकायचा ठरला. सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. मी प्लायवूडच्या तुकड्यावर सुवाच्य अक्षरात पाटी केली : 'विकणे आहे. सागवानी पलंग १, वातीचा स्टोव्ह १, खुर्च्या २ (पैकी एकीचा पाय हलतो).' खाली विद्यार्थ्याकडून तेलुगूत तेच लिहवून घेतलं. खुर्चीच्या पायाबद्दल त्यानं काय लिहिलं देव जाणे. पण तेलुगू गिऱ्हाइकं ती वाचून हसत होती. पाटी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला बांधली.

तासाभरात ग्रामपंचायतीतून एक सज्जन आले.

"गुरुजी, पाटी लावली म्हणजे बाजार झाला नं? अन् बाजार झाला का पावती फाडा लागते."

मी म्हटलं, फाडा. पण कशाची? त्यांनी बरोबर आणलेलं पुस्तक चाळलं. धान्य होतं, भाजी होती, भांडी होती, कोंबडी होती, सुकी मासळी होती. पलंग नव्हता. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. अखेर 'भांडी' या सदराखाली, स्टोव्हच्या जिवावर, त्यांनी पन्नास पैशांची पावती फाडली. माणूस फार सरळ. पाटी थोडी आत, कुंपणावर घ्या, म्हणजे रस्त्याला अडथळा होणार नाही, असंही सुचवलं. कलम ५३. मी हलवणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीच नाहीशी. चार दिवसांनी ती मला एका चहाच्या टपरीच्या छपरात दिसली, अक्षरं खाली करून. तिथं बसणारा प्रत्येक जण मान वर करून आमच्या खुर्चीचा हलता पाय वाचत होता. एवढी जाहिरात मला खांबावर मिळाली नसती.

त्याच काळी पुण्यामुंबईत पाट्यांचं शास्त्र फार पुढं गेलेलं होतं. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात 'आकाशचिन्ह' असा कालिदासाला शोभेल असा शब्द आहे. कल्पना मूळची विलायतेची. लंडनमध्ये १८९१ सालीच आकाशचिन्हांविरुद्ध कायदा झाला होता. आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. त्यात फुगे येतात, पॅराशूटही येतात. पुढे १९९५ साली महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा वेगळा कायदा झाला, आणि ३१ जानेवारी २०१७ ला साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. वाढदिवसाचे फलक तरीही वाढदिवसागणिक येतात. कडुनिंबावरची एक फूट पाटी हा तेव्हाही प्रश्न नव्हता आणि आताही नसावा.

पाटी गेली, म्हणून मी मुनादी करवली. पुण्यात दवंडी म्हणतात ती. आवाजाची पाटी कुणी छपराला वापरू शकत नाही. माणसं जमली. पण बहुतेक निरोप द्यायला आलेली. चहा घेत होती, पलंगावर बसत होती आणि किंमत विचारायला संकोचत होती. त्यांत एटापल्लीकडचा एक माडिया म्हातारा होता. बाजाराला आलेला, मुनादी ऐकून सरकारी लिलाव समजून शिरला. त्यानं पलंगाच्या खुरावरून हात फिरवला, वाकून वास घेतला.

"गुरुजी, हा तुझा होय?"

मी अभिमानानं पन्नास पैशांची पावती पुढं केली.

"ती विकायची आहे," नाकेदार हळूच म्हणाले, "असल्याची नाही."

म्हाताऱ्यानं पावतीकडे पाहिलंच नाही. "पलंग तुझा," तो म्हणाला. "झाड कोणाचं?"

मग त्यानं सांगितलं, त्याच्या भावानं नांगरासाठी जंगलातून एक लाकूड आणलं होतं, त्याच्या दोन वर्षं तारखा चालू आहेत. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. नाकेदारांनी कपात पाहिलं. मी काहीतरी विनोद करायचा म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. संस्थाध्यक्षानं विचारायचा प्रश्न त्यानं विचारला होता, आणि एवढ्या सगळ्या गर्दीत तो विचारायचा अधिकार त्याचाच असावा असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. तो चहा प्याला आणि बाजाराकडे गेला.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. एप्रिल २०११ मध्ये आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावी, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. ज्या पुस्तकाची आम्ही नाक्यावर वाट पाहायचो, ते आता गावानं लिहायचं! तो म्हातारा तेव्हा हयात असणं कठीण. पण मला आधी त्याचाच हात आठवला, पलंगाच्या खुरावर ठेवलेला.

पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी उलट फोन करून विचारलं, तुमच्या परवान्याच्या अर्जात 'ही वस्तू तुमचीच कशावरून' असा रकाना आहे का? तो म्हणाला, "नाही काका. फक्त पाटी किती इंचांची ते विचारतात."

पलंग शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी दीडशे रुपयांना घेतला. शंभर दिले. हलती खुर्ची त्यावर फुकट मागून नेली. पन्नास रुपये अजून यायचे आहेत, आणि त्याचीही पावती माझ्याकडे नाही.