मुलाचा धर्म कोण ठरवतो?

आळंदीत एक भिंत दाखवतात. योगी चांगदेव वाघावर बसून भेटायला आले, तेव्हा ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्यांना घेऊन सामोरी गेली, अशी कथा आहे. मुलगी सात वर्षांची असताना तिला आणि माझ्या आईला घेऊन मी तिथे गेलो होतो. मुलीने भिंत नीट न्याहाळली, खाली वाकून पाहिले आणि विचारले, "हिला चाकं कुठे आहेत?" आई म्हणाली, "देवाच्या ठिकाणी असं विचारू नये, बाळा." मुलीने माझ्याकडे पाहिले. एरवी प्रयोगशाळेत प्रत्येक आकड्याला पुरावा मागणारा मी, चपला कुठे काढल्या होत्या ते शोधू लागलो.

लहान मुलांना आईवडिलांनी धर्म शिकवावा का? शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणते, संस्कार लहानपणीच करावे लागतात. दुसरे म्हणते, मूल मोठे होऊ द्या, मग त्याचे तो ठरवेल. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे हा निर्णय आईवडिलांच्या हातात आहे. आपल्याकडचा इतिहास पाहिला तर तो त्यांच्या हातात फारसा नव्हताच. हे पाहायला आळंदीइतके चांगले ठिकाण नाही.

विठ्ठलपंतांची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. लग्न झालेले असताना त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. गुरूंना खरी हकिगत कळल्यावर त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार मुले झाली. संन्याशाची मुले म्हणून घर वाळीत पडले. यातला बराचसा तपशील नामदेवांच्या नावावर असलेल्या चरित्रपर अभंगांतून आणि पुढच्या संतचरित्रांतून आला आहे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीत आईवडिलांच्या प्रायश्चित्ताविषयी लिहिलेले नाही. म्हणून ही हकिगत परंपरा म्हणूनच वाचावी. पण परंपरेने काय जपून ठेवले, हीही इतिहासातली एक नोंदच असते.

तर निवृत्ती मुंजीच्या वयाचा झाला. ब्राह्मण मुलासाठी शास्त्राने आठवे वर्ष सांगितले होते. मुंज हा आज आपल्याला एक समारंभ वाटतो. त्या काळी तो वेदाध्ययनाचा परवाना होता, आजच्या भाषेत शाळाप्रवेश. विठ्ठलपंत विद्वान होते, मुलाला शिकवायची त्यांची इच्छा होती आणि कुवतही होती. तरी ते शिकवू शकत नव्हते, कारण परवाना ब्रह्मसभेच्या हातात होता. सभेने आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि दोघांनी ते घेतले, असे परंपरा सांगते. मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. (मुक्ताबाईचा प्रश्न सभेपुढे नव्हताच, मुलीची मुंज होत नसे.)

मग ही मुले शिकली कोणाकडून? ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा दिली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. म्हणजे ज्ञानदेवांचा गुरू त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठा असलेला सख्खा भाऊ. त्या भावाने दीक्षा घेतली ती नाथपंथाची, जातीच्या परवान्याची गरज नसलेली. ज्ञानेश्वरीचे साल परंपरेने १२९० धरले जाते आणि ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा. पंधरा वर्षांच्या, मुंज नाकारलेल्या मुलाने अठराव्या अध्यायात वेदाविषयी एक तक्रार केली आहे. वेद संपन्न आहे खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही. तो तीन वर्णांच्याच कानाला लागतो, स्त्रिया आणि शूद्र ताटकळत राहतात, असा तिचा आशय आहे. ही ओवी वर्गात जरूर वाचून दाखवावी. वाचताना ती लिहिणाऱ्याचे वय आणि शालेय पात्रता दोन्ही सांगावीत.

आता साडेपाचशे वर्षे ओलांडून मुंबईला जाऊ. माणसे वेगळी, राज्य इंग्रजांचे, पण पेच तोच आहे. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेतल्या धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण कोर्टात गेले. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याला आपले बरेवाईट कळते, त्याला हवे तिथे तो जाऊ शकतो, असे कोर्टाने ठरवले. तो विल्सनकडे राहिला आणि शाळेची पटसंख्या एकदम घसरली. चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, शेषाद्री बंधूंचे प्रकरण आले. मोठा नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपती, सुमारे बारा वर्षांचा, त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. या वेळी कोर्टाने मुलाची निवड मानली नाही आणि त्याला वडिलांच्या ताब्यात दिले.

सोळाव्या वर्षी कळते आणि बाराव्या वर्षी कळत नाही, अशी रेघ न्यायाधीशांनी ओढली. रेघ कुठे तरी ओढावीच लागते, हे आपण परीक्षा घेणारे लोक चांगले जाणतो. पण या खटल्यातला खरा धडा निकालानंतर पुढे आला. वडील जिंकले, मुलगा परत मिळाला, आणि जातीने त्याला घ्यायला नकार दिला. मिशनऱ्यांच्या घरात राहिलेला मुलगा पंक्तीला कसा बसवायचा? त्याच्या मनात काय आहे हा वादाचा मुद्दा नव्हता. वडिलांचा हक्क इंग्रजी कोर्टाने मान्य केला, पण स्वतःच्या मुलाला स्वतःच्या धर्मात वाढवायला तो पुरला नाही.

त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. मिशनऱ्यांच्या प्रचाराला त्यांचा विरोध होता. तरीही या प्रकरणात त्यांना जास्त झगडावे लागले ते स्वधर्मीयांशी. श्रीपतीला शुद्ध करून परत घेण्याची व्यवस्था त्यांनी केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. या वादानंतर दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, याच बाळशास्त्रींनी ज्ञानेश्वरीची शिळाछापावरची पहिली आवृत्ती काढली. दोन कामांचा संबंध त्यांनी स्वतः जोडला होता का, याचा दावा मी करत नाही. पण वाळीत टाकलेल्या एका मुलाच्या बाजूने लढलेल्या माणसाने वाळीत टाकलेल्या दुसऱ्या मुलाचा ग्रंथ छापला, एवढे खरे आहे. पुढच्या वर्षी ते वारले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती.

बाळशास्त्रींनी मुलाला घरी परत आणले. घराच्या आतली मोकळीक मात्र जोतीराव फुल्यांनी मांडली. १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक कुटुंब कल्पिले आहे. आई बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून पटल्यास बौद्ध होते, वडील बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. सगळे एका घरात प्रेमाने राहतात. कोणी कोणाचा हेवा करत नाही. लक्षात घ्या, इथे प्रत्येक जण वाचून मग ठरवतो, आणि मुलीलाही तो हक्क आहे. स्वयंपाकघरात कोणाचा शब्द चालतो हे जोतीरावांनी सांगितलेले नाही. शेवटी ते कल्पनेतले घर आहे.

राज्यघटनेने मधला मार्ग काढला. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते असेल, तर संमतीशिवाय कोणावर लादता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. जातसभेचा परवाना असा कायद्यापुरता पालकांकडे आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने आणखी एक पाऊल टाकले. विचार आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलाचे. आईवडिलांनी मार्गदर्शन करावे, पण मुलाची समज वाढत जाईल त्या मानाने. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

पुन्हा आळंदीला येऊ. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तनकाराने नुसते गाऊ नये, ग्रंथ अभ्यासलेला असावा, हा त्यामागचा विचार. आज गावात लहान मुलांना ठेवून घेणाऱ्या खासगी संस्थाही पुष्कळ आहेत. पांढऱ्या सदऱ्यातली, कपाळाला गंध लावलेली मुले पखवाज घेऊन जाताना दिसतात. मी त्यांच्याकडे दयेने पाहत नाही. ओव्या पाठ करून जी भाषा कानात बसते ती आमच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना मिळत नाही, आणि तालाच्या मात्रा मोजणारे मूल अपूर्णांकाला घाबरेल असे मला वाटत नाही. पण २०२५ च्या सुरुवातीला यांतल्या काही खासगी वसतिगृहांत मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारींनंतर प्रशासनाला तपासणी करावी लागली. मूल धर्म शिकायला ठेवले आहे, एवढ्यावर पालक निर्धास्त राहिले आणि बाकी कोणी विचारले नाही. वाळीत टाकण्याच्या उलट टोकाची ही गोष्ट, पण मुलाला कोणी विचारत नाही हे दोन्हीकडे सारखे.

आणि ती भिंत? कॅथलीन कोरिव्हो, ईव्हा चेन आणि पॉल हॅरिस यांनी अमेरिकेत पाच-सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दिसते की, धार्मिक वातावरणात वाढणारी मुले चमत्काराच्या गोष्टीतले पात्र खरोखर होऊन गेले असे जास्त वेळा मानतात. इतर मुले ते काल्पनिक म्हणतात. साध्या, घडू शकणाऱ्या गोष्टींतली माणसे दोन्हीकडची मुले खरीच मानतात. म्हणजे फरक बुद्धीत नसून, काय घडू शकते याविषयी घरात काय ऐकले आहे त्यात आहे. पुढे विसाव्या वर्षी या मुलांचे काय होते, ते हा अभ्यास सांगत नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. त्या दिवशी परतताना गाडीत मी तिला सांगितले होते की भिंतीला चाके नव्हती, आणि ही गोष्ट ज्यांनी सांगितली त्यांना ही मुले फार आवडत असणार. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मग तिला त्यांची मुंज का केली नाही तेही सांग." ते सांगता सांगता घर आले.